येसराचं पान सापडलं

आइंडहोव्हन
२१ एप्रिल २०२४, रविवार

प्रिय चिमे,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळं बरं आहे. यांचं बीपी एका गोळीवर आहे, माझा गुडघा थंडीत दुखतो आणि ऊन पडलं की थांबतो. तब्येतीचं एवढंच.

फोनवरच सांगायचं होतं. तीनदा लावला. एकदा तू शाळेत, एकदा दारात टँकर आलेला. तिसऱ्यांदा तू उचललास तर मीच इकडचंतिकडचं बोलून ठेवून दिला, तोंडातून शब्द निघेना. म्हणून लिहायले. उभ्यानं वाचू नकोस. पोरीला चहा टाकायला सांग आणि बस.

येसराचं पान सापडलं.

तेच पान, आईच्या चोपडीतलं, आमटीला लावायच्या येसर-पिठाच्या कृतीचं. तू फाडलं नव्हतंस चिमे. मी फाडलं होतं.

आता पहिल्यापासून सांगते. गेल्या मंगळवारी पुस्तकांची खोकी आली. ऑगस्टमध्ये निघताना विमानात माणशी वजन ठरलेलं. तवा घेतला, परात घेतली, खलबत्ता घेतला आणि पुस्तकं ताईकडं ठेवली. डिसेंबरात ताईनं ती बांधून दिली, न्हावाशेवाला जहाजात चढली, आणि नेमकं तेव्हाच तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झालेले. सुएझ कालव्यातून यायचं सोडून जहाजं आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला लागली. फेब्रुवारीत मिळेल म्हणालेलं सामान एप्रिल अर्धा संपल्यावर मिळालं. रोज रात्री जेवणं झाली की हे मोबाईलवर त्या जहाजाचा ठिपका दाखवायचे. ठिपका आफ्रिकेच्या टोकाशी आला त्या रात्री मला झोप नाही. सामानात पितळेची भांडी होती, लग्नातली पैठणी होती, पण घोर एकच, आईची चोपडी भिजली तर?

तू म्हणशील, तुला कामून पुस्तक लागतंय गं स्वयंपाकाला. रोजच्या भाजी-भाकरीला नाहीच लागत. पण दिवाळीत भाजणी करायला बसले आणि डाळ कुठली किती, काही आठवेना. तीस वर्षं दर दिवाळीला ते पान उघडून समोर ठेवायची, त्यामुळं पाठ करायची वेळच आली नव्हती. मोबाईलवर बघून केली, चकली तेलात विरघळली. आणि ११ जानेवारीला वेळ अमावस्या! तुम्ही सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत दगडांचे पांडव मांडलेले, तुझा भाऊ आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेतलेला. तो फोटो तूच पाठवलास. इथं बाहेर सगळं गोठलेलं. मी एकटीनं भज्जी केली. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे मिळाले नाहीत, फ्रीजरमधले वाटाणे घातले. ज्वारीचं पीठ तेवढं मिळालं, हेगमध्ये एका सुरिनामी दुकानात. ते लोक मूळचे आपल्याकडचेच, युपी-बिहारचे. १८७३ पासून त्यांना करारावर मजुरीला बोटीनं सुरिनामला नेलं, तिथून त्यांची नातवंडं-पतवंडं हॉलंडला आली. दुकानातली म्हातारी माझ्याशी तिच्या सरनामीत बोलते, मी माझ्या लातुरी हिंदीत, आणि आमचं दोघींचं जमतं. तिला म्हटलं पुस्तकं बोटीवर आहेत. ती काउंटरवरून वाकून माझा हात धरून म्हणाली, येतील. तुझ्यानंतर मला या बाबतीत समजून घेतलेली ती एकटीच.

तर खोकी आली. यांनी सुरी घेतली, मी हातातून काढून घेतली, खिळखिळ्या बांधणीला पातं लागलं असतं. चौदा पुस्तकं आणि एक चोपडी. सगळी कोरडी. मी स्वयंपाकघरात फरशीवर सतरंजी टाकली आणि एकेक काढून मांडली. कुकरबरोबर आलेलं पातळ पुस्तक, ज्याच्यावरून तू केक केलास आणि तो काढायला तुझ्या बाबांनी पटाशी आणली. दिवाळी अंकांतली कात्रणं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', आईची. १९७० साली ते पुस्तक निघालं आणि पुढच्या वर्षी आईचं लग्न झालं, मामानं रुखवतात ठेवलेलं. मुखपृष्ठ कधीच गेलंय, आईनं गोधडीच्या दोऱ्यानं शिवलंय. पुरणपोळीच्या पानाला हळदीचा अंगठा. मी त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि किती वेळ तशीच बसले.

मग चोपडी. आबांच्या आडतीवरची, लाल कापडाची. डावीकडं अठ्ठ्याहत्तर सालच्या तुरीची पोती आणि हमाली, उजवीकडं आईच्या अक्षरात कारळाची चटणी. तुला आठवतं, आपण ती उलटीकडून वाचायचो आणि तू मोठ्यांदा म्हणायचीस, "तूर तेवीस पोती, चवीपुरतं मीठ"?

चोपडीत त्या पानाच्या जागी अजून ती चिंधी आहे, फाटलेल्या कडेची. मी दरवेळी ते पान पटकन उलटते. या वेळीही उलटलं. आणि संध्याकाळी 'रुचिरा' पुसताना मोदकांच्या पानांमधून घडी खाली पडली. आईचं अक्षर. येसर. मागच्या बाजूला माझ्या अक्षरात, घाईनं, पेन्सिलीनं: खोबरं, दगडफूल, मिरच्या, तीळ, खसखस, गंजगोलाईतून, आणि दर. तुझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या आधीच्या दिवाळीची यादी आहे ती. बाजाराला जाताना चोपडी नेता येत नाही म्हणून पान काढलं, आल्यावर समोर 'रुचिरा' उघडी असणार, तिच्यात ठेवलं. म्हणजे २००४ मध्ये लग्नाच्या येसरासाठी तू चोपडी नेलीस तेव्हा ते पान तिच्यात नव्हतंच! तू आईसमोर बसून, तिला विचारत विचारत उतरून घेतलं असशील. आणि मी पूजेच्या दिवशी, तुझ्या घरात, तुझ्या नव्या व्याह्यांसमोर म्हणाले, "मागून न्यायचं आणि फाडून ठेवायचं, हीच तुमची रीत." "तुझी"सुद्धा नाही म्हणाले. "तुमची" म्हणाले.

ते "तुमची" मला मंगळवारपासून ऐकू यायलंय.

तू तेव्हा काही बोलली नाहीस. ताट ठेवून आत गेलीस. दोन वर्षं आपण गंजगोलाईत समोरासमोर आलो तर तू एका रस्त्याला, मी दुसऱ्या. सोळा रस्ते फुटतात तिथून, एकमेकींना चुकवणं किती सोपं. आई गेली त्या दिवशी तू आलीस, पदर खोचलास आणि चूल पेटवलीस, आणि आपण परत बोलायला लागलो. त्या पानाचं मात्र तूही काढलं नाहीस, मीही नाही. वीस वर्षं. मी मनातल्या मनात तुला माफ केलेलं होतं, चिमे. कशाची माफी, सांग! तुझ्याकडं बघून मला कितीदा वाटलं असेल की मी मोठ्या मनाची. आज ते आठवलं की जीव नको होतो.

आणखी एक तुला सांगायचंय, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला पटलंच नव्हतं. त्या पूजेवरून घरी आल्यावर मी तणतणले, तर ती गहू निवडता निवडता म्हणाली, "चिमी नाही फाडणार. ती मातीतून उकरून काढणारी पोरगी आहे." तिला ते धान्याचं मापटं म्हणायचं होतं. किल्लारीच्या भूकंपाची ती पहाट, आजोळच्या माळवदाची माती, आणि तू हातानं उपसत बसलेलीस, लष्कराचा जवान बाजूला हो म्हणत होता तरी. त्यातून ते पोचा पडलेलं मापटं निघालं. पुढचं तुला लिहून सांगायची गरज नाही. आई असं म्हणाली आणि मी तिच्यावरही रुसले. ती पुढं म्हणाली, "चिमीकडं उतरवलेलं आहे, जा, घेऊन ये." मी गेले नाही. ती दोन वर्षं अंदाजानं येसर करत राहिली आणि मी एकदाही वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसले नाही, का तर मग भांडण चुकीचं ठरलं असतं. तुझ्याशी वागले त्याची माफी तुझ्याजवळ मागता येते. ही कुणाजवळ मागू?

मला माफ कर. तुझ्या घरात, तुझ्या माणसांसमोर बोलले, म्हणून धाकटीच्या सासरी हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखव. डिसेंबरात आले की मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगणारच आहे.

आता खरं अडलंय ते. पान सापडलं पण येसर होईना. आईनं लिहिलंय: गहू दोन मापटी, ज्वारी एक मापटं, हरभऱ्याची डाळ एक, धणे एक, आणि खाली, "आईच्या मापट्यानं. दाणे शीग लावून, धणे सपाट." मिरच्या मात्र वजनानं, शेरात. देशात १९५६ सालीच दशमान मापांचा कायदा झाला, आणि आमच्या आडतीवर अठ्ठ्याहत्तर साली आई शेरातच लिहितेय! हे म्हणाले सोपं आहे, शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, मापटं म्हणजे अर्धा शेर. त्यांना सांगितलं, तो तागडीतला शेर. दाणे मापायचा शेर वेगळा, तो भांड्याचा. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, हे पाठ असून उपयोग नाही, पायली तर गावागणिक बदलायची. आईनं "आईच्या मापट्यानं" असं मुद्दाम लिहिलंय ते त्यासाठीच. नुसते दाणे असते तर मी वाटीनं घेतले असते, प्रमाण तेच राहिलं असतं. पण मिरच्या तोलून आणि दाणे मापून, म्हणजे मापटं कळल्याशिवाय तिखट कळत नाही.

आणि तुला हसू येईल, मिरच्यांच्या आकड्यावर नेमका तेलाचा डाग आहे. "पा" दिसतंय आणि "शेर" दिसतंय. मध्ये पाव आहे का पाऊण? पाव म्हणजे साधारण २३० ग्रॅम, पाऊण म्हणजे ७०० ग्रॅम. धाकटीच्या लग्नात तुझे व्याही येसराच्या आमटीचा पहिलाच भुरका मारून उठले आणि अर्धी कळशी पाणी प्यायले, ते बघता तू पाऊण उतरवून घेतलंस असा मला दाट संशय आहे! पण मग बाकीच्या पंगतीनं तीनतीनदा आमटी मागून घेतली, तेही खरं. तुझ्याकडं उतरवलेलं असेल तर बघून सांग.

मापटं तुझ्याकडंच आहे ना? तेव्हा चोपडी परत आली आणि मापटं तुझ्याकडं राहिलं. मला आत वाटायचं तू अडवून ठेवलंस. आता वाटतं बरं झालं, तू मातीतून काढलेलं तुझ्याच घरी राहिलं. तिथंच राहू दे. कुरिअरनं पाठवू नकोस, एक समुद्रप्रवास सोसला मला, दुसरा नाही.

फक्त एवढं कर. मापटं घेऊन कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं जा, त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. यंदाची ज्वारी शीग लावून भर, जेवढी राहील तेवढी, आणि वजन लिही. मग गहू, मग डाळ, तसेच. धणे काठाशी सपाट, वरून हात फिरवून. धणे हलके असतात, त्यांचं वजन वेगळं येईल, ते ज्वारीवरून धरू नकोस. पोचा ठोकून काढलेला नाहीस ना? चोपडीतलं आई लिहून गेली ते पोचा पडायच्या पंधरा वर्षं आधीचं. पण त्र्याण्णवनंतर तिनं पोच्यासकटच येसर केलं आणि चव तीच होती, तेव्हा असू दे.

तू काय करायलीस? ७ मेला लातूरचं मतदान, तुला ड्यूटी लागली असेलच. पाण्याची बाटली आणि टोपी ने. पोरीची नीटची परीक्षा ५ मेला ना? तिला म्हणावं मावशीनं इथल्या मारुतीपुढं दिवा लावलाय, घरातल्याच, पण लावलाय. टँकर किती दिवसांनी यायलाय? भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी? सगळं लिही, मी माझंच लिहीत बसले.

३० डिसेंबरला, सोमवारी, वेळ अमावस्या आहे. आम्ही २५ला पोचतो. भज्जी तू कर, माझ्यापेक्षा तुझी बरी होते, हे मी आजच लेखी देतेय. आंबील मी करीन. येसर नव्यानं दळून घेऊ, दोघींच्या घरचं एकत्र.

वजनं सवडीनं पाठव. मिरच्यांचं आधी कळव.

तुझीच
ठकी