दुर्गाबाई आमच्याच तालुक्यात राहत होत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका नामवंत अभिनेत्रीची मुलाखत वाचली. काम, घर, प्रसिद्धी, सगळ्याबद्दल ती मोकळेपणाने बोलली आहे. पण तिला शब्द बदलून बदलून तीनदा एकच विचारलं गेलं: शूटिंगला गेल्यावर मुलांकडे कोण बघतं? त्याच्या आधी एका अभिनेत्याची मुलाखत आली होती. त्यालाही दोन मुलं आहेत. त्याला हा प्रश्न एकदाही नव्हता. मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

तो प्रश्न वाचून मला जुन्या काळातल्या अभिनेत्री दुर्गाबाई खोटे आठवल्या. त्यांचा जन्म १९०५ सालचा. माहेर मुंबईतलं, लाड आडनावाचं सुखवस्तू घर, वडील सॉलिसिटर, सासरही श्रीमंत. पुढे सासरची श्रीमंती गेली आणि पदरात दोन मुलगे. शिकवण्या करून भागेना, तेव्हा १९३१ मध्ये त्यांनी 'फरेबी जाल'मध्ये एक छोटं काम केलं. चित्रपट पडला. चांगल्या घरची बाई सिनेमात गेली म्हणून लोकांनी नको नको ते ऐकवलं. पुढच्याच वर्षी शांतारामबापूंनी त्यांना 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती केलं. मराठीतला हा पहिला बोलपट, म्हणून आपण ती तारामती लक्षात ठेवतो. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचल्यापासून मला मात्र तारामतीच्या मागे उभी असलेली, दोन मुलांना वाढवायचं म्हणून कामाला बाहेर पडलेली आई दिसते.

ती मला का दिसते, ते सांगते. १९८८ च्या जानेवारीत माझे यजमान गेले. थोरला सात वर्षांचा, धाकटा चार. सासरे शाळामास्तर होते, घराला गावात मान होता. शेतात पांढरा कांदा होता तेवढाच. मार्चमध्ये कांदा निघाला, तो पडवीत पसरला आणि रात्री मुलं झोपल्यावर मी माळा विणायला बसले. पात अर्धवट सुकलेली लागते. फार ओली असली तर कुजते, कडक झाली तर विणताना तुटते. पहाटेपर्यंत बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि त्यात कांद्याचा रस झोंबायचा. तीस माळा झाल्या, त्या घेऊन मी अलिबागच्या रस्त्याला बसले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "मास्तरांची सून रस्त्याव बसनार? लोकां काय म्हनतील?" पहिले चार दिवस मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसत होते. पाचव्या दिवशी पदर मागे घेतला, कारण त्याच्याआडून सुटे पैसे मोजता येईनात.

त्याच वर्षी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आम्ही सगळे 'वागळे की दुनिया' बघत होतो. ती मालिका दुर्गाबाईंच्या संस्थेने काढलेली होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्याहून जिवाला लागलं ते हे की उतारवयात त्या अलिबागजवळच राहत होत्या. १९९१ मध्ये त्या गेल्या. माझ्या त्या पहिल्या दोन-तीन हंगामांत आम्ही दोघी एकाच तालुक्यात होतो आणि मला त्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांचं आत्मचरित्र हातात पडलं असतं, तर ते चार दिवस मी पदर ओढला नसता.

गेल्या पावसाळ्यात नातीने मला मोबाईलवर १९३६ चा 'अमर ज्योती' लावून दिला. त्यात दुर्गाबाई सौदामिनी झाल्या आहेत. राज्याचा कायदा तिला तिच्या मुलावर हक्क देत नाही, म्हणून ती समुद्रावर जाऊन चाचेगिरी करते, राज्याशीच युद्ध मांडते. जहाजावर उभ्या राहिलेल्या त्या बाईची मान बघावी. समुद्राकाठी जन्म गेलेल्या मला ती आमच्यातलीच वाटली. 'अमर ज्योती'च्या पुढच्याच वर्षी 'साथी' हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाईपासून 'बॉबी'तल्या आजीपर्यंत कामं चालू राहिली, १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला. मधल्या काळात मुलगा हरीन त्यांच्या हयातीत गेला. त्यावरही त्या उठून कामाला लागल्या. कुठल्या बळावर, ते मला आजही पुरतं उमगत नाही.

आता मांडव्यापासून किहीमपर्यंत सिनेमावाल्यांचे बंगले झाले आहेत. रिक्षावाली पोरं येणाऱ्या पाहुण्यांना फाटकं दाखवतात, हा अमक्याचा, तो तमक्याचा. मी दोघा-तिघांना विचारलं, दुर्गाबाई खोटे कुठे राहत होत्या? त्यांना नावच माहीत नव्हतं. दोष त्या पोरांचा नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

म्हणून दोन विनंत्या करते. पहिली: ज्यांनी दुर्गाबाईंना अलिबाग परिसरात पाहिलं, त्यांच्या घरी दूध किंवा मासळी पोचवली, बागेत काम केलं, त्यांच्या आठवणी आपल्या रायगड आवृत्तीने छापाव्यात. ही माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, उशीर करू नये. दुसरी: यापुढे अभिनेत्रीला विचाराल ते अभिनेत्यालाही विचारा. आणि तिला हेही विचारा की पहिल्या कमाईचे पैसे हातात आले तेव्हा त्यातून घरात काय आणलं. मी दीड किलो तांदूळ आणि धाकट्याला चप्पल आणली होती.

आमच्या वाचनालयातल्या 'मी, दुर्गा खोटे'च्या प्रतीची शिवण उसवली आहे, पहिली काही पानं सुटी झाली आहेत. ग्रंथपालांनी परवानगी दिली आहे, येत्या आठवड्यात मी ती घरी आणून शिवणार आहे.

आपली,
एक वाचक
ता. अलिबाग, जि. रायगड