अठरा पूर्ण झाली, आता जाणार कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहते, दर शनिवारी इथल्या एका बालगृहात मुलींना शिवण शिकवायला जाते. मागच्या महिन्यात त्यातल्या एकीला १८ पूर्ण झाली आणि तिला निघावं लागलं. एक बॅग, फाइलीत आधार कार्ड नि मार्कशीट, आणि मी दिलेली कात्री, ती तिनं जुन्या ओढणीत गुंडाळली होती, टोकानं बॅगेला भोक पडायला नको म्हणून. साडीला फॉल लावते तर टाका शोधून सापडत नाही, पण खोली बघायला गेलो की घरमालकाचा पहिला प्रश्न, वडील काय करतात? तीन घरं फिरलो, तिन्हीकडे तेच.

सरकारी सोय नाही असं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत आफ्टरकेअर, म्हणजे बालगृह सोडल्यावरची मदत, आहे, आपल्या मध्य प्रदेशात २०२२ पासून मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे, त्यात ट्रेनिंग, इंटर्नशिप सगळं आहे. पण ते संपल्यावर पोर परत एकटंच ना, ताप आला तर डबा कोण आणून देणार?

म्हणून मनापासून वाटतं की कारागिरांच्या सहकारी संस्थांनी या मुलांना आत घ्यावं, नुसतं मजुरीवर नाही तर सभासद करून, शेअर त्यांच्या नावावर, मीटिंगमध्ये मत, नफ्यात वाटा. महेश्वर काय लांब आहे? तिथं रेहवा सोसायटीनं बायकांना मागावर बसवलं, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, ती सहकारी संस्था नाही पण हे जमतं हे तिथं दिसतं. मागावर हात बसायला महिने लागतात, धागा तुटला की शेजारचं कुणीतरी उठून जोडून दाखवतं, आणि या मुलांना नेमकं तेच हवंय, रोज शेजारी बसणारं माणूस. शिकण्याच्या काळात कमाई नसते, तेवढे महिने आफ्टरकेअरच्या पैशावर निघू शकतात. आपल्या इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना तर जीआय टॅग, म्हणजे ती इथलीच खास अशी सरकारी नोंद, आहे, त्या कारागिरांनीही एकदोघांना हाताखाली घ्यावं. फक्त मालावर 'अनाथ मुलांनी बनवलेलं' असं छापू नका हो, माल चांगला असेल तर तसाच खपेल.

आपल्या मराठी मंडळांनी गणपतीत एक स्टॉल द्यावा आणि खोलीसाठी जामीन राहावं, एवढं तर होईल.

ती सध्या माझ्या मैत्रिणीकडे आहे, दिवाळीपर्यंत. त्याआधी कुठली संस्था तयार असेल तर आपल्या ऑफिसात कळवावं, मी तिला घेऊन येईन.

एक वाचक, इंदूर