लॅपटॉप झोपत नाही? आधी नोंदी वाचा

महोदय,

झाकण मिटूनही बॅटरी उतरते म्हणून लोक लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमच पुसून पुन्हा टाकतात, हे पाहून जीव तुटतो. आधी 'सिस'मधल्या 'पॉवर' फोल्डरातली 'मेम-स्लीप' फाइल उघडा. निवडलेल्या पर्यायाभोवती चौकटी कंस असतो; तो 'एस-टू-आयडल' या हलक्या झोपेभोवती असेल, तर मशीन अर्धवटच झोपतं. 'डीप' म्हणजे गाढ झोपेचा पर्याय दिसत असेल तर ते वापरून पाहा.

हायबरनेटचं, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून मशीन पूर्ण बंद करण्याचं, दुखणं वेगळं. मेमरीतला मजकूर डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीसाठी राखलेल्या जागेत, उतरतो. स्वॅप तोकडा असेल, किंवा नुसता झी-रॅम (मेमरीतच दाबून ठेवलेला स्वॅप) असेल, तर तो मजकूर ठेवणार कुठे? शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना अनेक डिस्ट्रोंचं, म्हणजे लिनक्सच्या आवृत्त्यांचं, कर्नल हा गाभाच हायबरनेट नाकारतो. मी दुरुस्तीला बसले की 'जर्नल-सीटीएल' या नोंदी दाखवणाऱ्या कमांडने मागच्या बूटच्या, म्हणजे आधीच्या वेळी मशीन सुरू होतं तेव्हाच्या, शेवटच्या ओळी वाचते. अडलेला ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) पुष्कळदा तिथेच सापडतो.

– एक लिनक्सप्रेमी वाचक