रुग्णवाहिकेत मागे दोघे हवेत

संपादक महोदय,

१०८ रुग्णवाहिकेत चालकासोबत एकच ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी, असतो. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर रुग्णाचे हृदय थांबले, तर हलत्या गाडीत त्याने मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, दर ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे, तेही एकट्याने. दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायला हवा. थकलेल्या हातांचा दाब लागतो तितका, म्हणजे निदान ५ सेंटिमीटर, खोल जात नाही. निदान खानापूरसारख्या जंगलपट्ट्यात तरी मागे दुसरा माणूस द्या. कंत्राटी नेमणूक आणि वेळेवर न मिळणारा पगार यांवर शिकलेली मुले टिकणार कशी? तातडीची दुसरी सेवा असलेल्या अग्निशमन दलातही स्थानिक मुले यावीत म्हणून भरतीसाठी तालुक्यातच मैदानी चाचणीची आणि कन्नडची तयारी करून घ्यावी. स्थानिक जवानाला गावातल्या वाटा माहीत असतात.

– एक वाचक, खानापूर