बारा वाजता आठ टोल

नौपाडा, ठाणे

आदरणीय घड्याळजीकाका,

सा. न. वि. वि.

जांभळी नाक्याजवळच्या आपल्या दुकानात मी वडिलांचे जे पितळी जहाजी घड्याळ घेऊन आलो होतो, ते आता घरी बिनचूक टोल देत आहे. त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. वडील मालवाहू जहाजांवर नोकरीला होते आणि हे घड्याळ त्यांनी मुंबईतल्या दारुखाना भागातून, मोडीत निघालेल्या जहाजांच्या सामानातून घेतले होते.

‘बाराला आठच टोल पडतात, म्हणजे मोजणी बिघडली’ असे ठरवून आधीच्या एका कारागिराने मिनिटकाटा काढून अर्धा फेरा फिरवून बसवला, आणि मग ते बाराला सात टोल देऊ लागले. आपण मात्र झाकण उघडण्यापूर्वी तासभर नुसते ऐकत बसलात. जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत विभागलेला असतो, पाळीच्या पहिल्या अर्ध्या तासाला एक टोल आणि पुढे दर अर्ध्या तासाला एकेक वाढत जाऊन पाळी संपताना आठ, त्यामुळे 4, 8 आणि 12 या तिन्ही वेळांना आठच टोल पडणार, हे आपण मला समजावलेत. पूर्ण तासाला सम आणि अर्ध्या तासाला विषम, ही खूण आता मी विसरणार नाही.

आतली रचना दाखवताना आपण घाई केली नाहीत, याचे मला विशेष वाटते. टोलांसाठी स्वतंत्र कमान (स्प्रिंग). शंखासारख्या पायऱ्यांची, चार तासांत एक फेरा घेणारी चकती. तिच्यावर टेकणारी दातेरी पट्टी. पायरी जितकी खोल, तितके टोल अधिक. टोल जोडीजोडीने पडतात आणि अर्ध्या तासाला शेवटच्या जोडीतला दुसरा ठोका एक तरफ अडवून धरते, हे पाहताना तर मी थक्क झालो. वेग आवरणाऱ्या पंख्यावरचे घट्ट झालेले जुने तेल आपण पुसून काढल्यावर रेंगाळणारे ठोके मोकळे झाले. (संध्याकाळची चार ते आठची पाळी ब्रिटिश जहाजांवर दोन तुकड्यांत होते आणि साडेसहाला पुन्हा एकच टोल पडतो, असे वडील सांगत, बिचाऱ्या घड्याळाला ते ठाऊक नाही, ते पाचच देते.)

आपण केवळ तेलाचे पैसे घेतलेत. सूचनेप्रमाणे काटे मागे फिरवत नाही आणि पुढे नेताना प्रत्येक अर्ध्या तासाला थांबून टोल पुरे होऊ देतो. दुपारी चारला आठ टोल पडले की आई हल्ली स्वतःहून चहाचे आधण ठेवते.

आपला नम्र,
एक ग्राहक