आईच्या उजव्या हाताशी बेल ठेवणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

आईला तुमच्या मजल्यावरून हलवलं त्या गडबडीत नीट बोलणंच झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर.

अर्धांगवायूनं आईचा डावा हात निकामी, पाय जेमतेम टेकणारा. आणि बेलची वायर गुंडाळलेली नेमकी डाव्या कठड्याला! खोलीत बेल होती, आईला मात्र नव्हती. तुम्ही पहिल्याच रात्री ती उजवीकडे आणलीत, चिमट्यानं चादरीला अडकवलीत आणि आईलाच दाबायला लावून दारावरचा दिवा लागतो का ते पाहिलंत. कूस बदलली की बेल सरकवायची, चादर बदलली की चिमटा पुन्हा लावायचा. मी सोबतीला होते तेव्हा तुमचं हे रात्रभर चाललेलं पाहिलंय. संधिवातानं वाकडी झालेली बोटं बटणावरून घसरतात म्हटल्यावर तळहातानं दाबता येईल असं चपटं बटणही तुम्हीच मागे लागून मिळवलंत.

संडासातली बेलची दोरी फरशी पुसताना ओली होते म्हणून वर बांधलेली असायची. ती तुम्ही सोडून पार खालपर्यंत येऊ दिलीत. पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो ना! पलंग, संडास, न्हाणीघर, तिन्हीकडून मदत मागता आली पाहिजे, असा अमेरिकेतल्या नर्सिंग होमना सरकारी नियमच आहे म्हणे. तुम्हाला नियम लागला नाही.

आई पडली भिडस्त. ‘कशाला त्यांना त्रास’ म्हणत एकटीच उठायला बघणार. या वयात खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. तुम्ही तिला दटावलंत, ‘‘आजी, मी बसलेय कशाला? वाजवा खुशाल.’’ आणि आल्यावर नुसता दिवा मालवून ‘आलेच हं’ म्हणत कधी गेला नाहीत. काम झालं की मगच दिवा बंद. (सगळे असं करत नाहीत, तेही पाहिलंय.) म्हणून तर ती बेल वाजवायला लागली.

‘बेल उजव्या हाताला. खुर्चीत बसवलं तर वायर पुरत नाही, खुर्ची पलंगाला लावा’ ही तुमची चिठ्ठी इथेही पलंगाच्या डोक्याशी चिकटवलीय. दिवसपाळीची मुलगी ती बघून बेल सरकवते. आई आठवण काढते तुमची. पाळी संपल्यावर सवड झाली तर वर चक्कर टाका.

तुमची,
आजींची लेक