आंबेनळी घाट इंग्रजांचा, वाट मात्र जुनीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर पावसाळ्यात कुठं ना कुठं छापून येतं की आंबेनळी घाट इंग्रजांनी काढला. अर्धंच खरं आहे ते. सुरूर-वाई-पाचगणी-महाबळेश्वर-पोलादपूर हा जो राज्यमार्ग 72, त्यातला महाबळेश्वरखालचा गाडीरस्ता म्हणजे आंबेनळी घाट, 1870 च्या दशकातला, मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड (1867 ते 1872) यांच्या नावानं तो फिट्झगेराल्ड घाट, इथपर्यंत कबूल. पण कोकणात उतरायची वाट काय तेव्हा सापडली?

आधी महाबळेश्वरावरून रडतोंडीच्या घाटानं खाली पार गावात यायचं, कोयना ओलांडायची आणि पुढं पार घाटानं पोलादपूर-महाडकडं, मीठ वर यायचं ते बैलांच्या पाठीवरून असंच. 1656 ला महाराजांनी जावळी घेतली आणि लगेच प्रतापगड नेमका तिथंच का बांधला हे कळायला पुस्तक नको, नकाशा उघडा, गड पार घाटाच्या उरावर बसलाय. नोव्हेंबर 1659 मध्ये अफझलखान वाईवरून एवढं लष्कर घेऊन रडतोंडी उतरूनच पारला आला. इंग्रजांना रडतोंडी हे नाव काही उच्चारता आलं नाही, त्यांनी त्याचं 'रोटुंडा' करून टाकलं!



इंग्रजांचं श्रेय एवढंच की चढ बैलगाडीला झेपावा म्हणून त्यांनी डोंगराची कूस कापत वळणावळणानं रस्ता नेला, आणि खरं दुखणं पण तिथंच आहे, कारण कापलेल्या उतारावरची माती पावसात सुटली की थेट रस्त्यावरच येते. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पडला तेव्हा हा घाट ठिकठिकाणी खचला, कितीतरी दिवस बंद होता. मग बातम्यांत काय, तर पर्यटकांची गैरसोय. पण खालच्या गावातल्या माणसाला दवाखान्यासाठी वर यायचं असेल तर त्यानं काय करायचं हे कोणी विचारत नाही.

बांधकाम खात्याला एकच विनंती, वाडा कुंभरोशीला गाड्या प्रतापगडाकडं वळतात तिथं पार घाटाची माहिती देणारा एक ठळक फलक लावा. पारचा दगडी पूल शिवकालीन मानतात, अजून उभा आहे, आणि गड बघून लोक तसेच निघून जातात.

आपला,
एक नियमित वाचक